धरणं धरायला परवानगी कोणाची?

रानजाई (धागालेखक)

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला आता दोन खडी क्रशर आहेत. दुसरा चालू झाल्यापासून शाळेच्या पत्र्यावर पिठासारखी धूळ बसते. मुलं खोकतात. वाळत घातलेली तूर संध्याकाळी उचलायला गेलं की हाताला कचकच लागते. ग्रामसभेत ठराव झाला, तीन निवेदनं दिली, तिन्हींची पोच माझ्याकडे आहे. पुढे काहीच हललं नाही म्हणून आम्ही बाराजणींनी ठरवलं की एक दिवस तहसील कचेरीसमोर धरणं धरायचं. सकाळी दहा ते पाच. माईक नाही, मांडव नाही. हे सगळं चौथ्या निवेदनात लिहून दिलं.

आदल्या रात्री साडेनऊला दोन पोलीस घरी आले. बोलायला चांगले होते, चहाही घेतला. हातात नोटीस दिली, ‘भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम १६८ प्रमाणे’. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ३७(१)(३) लागू आहे, पाच किंवा अधिक लोकांनी जमू नये, कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाला तर तुम्हाला जबाबदार धरलं जाईल आणि ही नोटीस तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाईल. मी सही केली. रात्रीतून बाराही घरी अशा नोटिसा पोचल्या.

सकाळी आम्ही चौघीच आलो. राहिलेल्या आठजणींना मी दोष देत नाही. एकीचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो, तिला कोणीतरी सांगितलं की चारित्र्य पडताळणीत नाव येईल. एकीच्या नवऱ्याचं रेशन दुकान आहे. एकीला सासऱ्यांनी उंबरा ओलांडू दिला नाही.

चौघी होतो म्हणून बसता आलं. बंदोबस्तावरचे हवालदार म्हणाले, “मावशी, बसा तुम्ही, पण पाचवी येऊ देऊ नका.” दुपारी पाचवी आली. तिला रस्त्याच्या पलीकडे चिंचेखाली बसवलं. ती तिकडून आमच्याकडे बघत होती, आम्ही इकडून तिच्याकडे. तो दिवस मला विसरता येत नाही म्हणून हा धागा.

तालुक्याचा वार्ताहर आला होता. त्याने फोटो काढले, सगळं लिहून घेतलं. बातमी आली नाही.

माझा प्रश्न साधा आहे. शांतपणे बसायला परवानगी लागते का? लागत असेल तर ती कोण देतं? आणि तुमच्याकडे काय चालतं?

---

कोरडवाहू

ताई, आमच्या बीडमध्ये ३७(१)(३) हा पंधरवड्याचा रतीब आहे. पेपरात कोपऱ्यात चौकट येते, ‘जिल्ह्यात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मनाई आदेश’. कारणं तीच. सण, जयंत्या, निवडणूक, विविध संघटनांची आंदोलनं. एक संपला की दुसरा. माझ्या माहितीत वर्षातले मोकळे दिवस शोधावे लागतील.

पण आमच्याच जिल्ह्यातला एक निकाल तुम्हाला ठाऊक असायला हवा. जानेवारी २०२० मध्ये माजलगावला नागरिकत्व कायद्याविरुद्ध जुन्या ईदगाह मैदानावर लोकांना बेमुदत धरणं धरायचं होतं. पोलिसांनी परवानगी नाकारली, आणि आधार होता हाच अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांचा ३७चा आदेश. प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेलं. १३ फेब्रुवारी २०२० ला न्या. नलावडे आणि न्या. सेवलीकर यांनी दोन्ही आदेश रद्द केले. एखाद्या कायद्याला विरोध करायचा आहे एवढ्यावरून कोणाला देशद्रोही म्हणता येणार नाही, असं त्यात स्पष्ट आहे. हा देश ज्या आंदोलनांमुळे स्वतंत्र झाला त्यांची आठवणही खंडपीठाने करून दिली आहे.

निकाल माजलगावचा, पण पंधरवड्याचे आदेश अजून तसेच निघतात. याचं मला फार वाईट वाटतं.

---

काळाकोट

तालुका न्यायालयात २६ वर्षं वकिली करतोय. ताईंच्या प्रश्नाला जमेल तेवढं सरळ उत्तर देतो.

राज्यघटनेचं कलम १९(१)(ख) म्हणतं की नागरिकांना शांततेने आणि शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, पण फक्त देशाचं सार्वभौमत्व, एकात्मता आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांच्यासाठी. कचेरीची गैरसोय, साहेबांचा दौरा, ठेकेदाराची तक्रार ही कारणं त्या यादीत नाहीत.

१९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी हिम्मतलाल शाह खटल्यात हाच विषय तपासला. प्रकरण अहमदाबादचं, पण कायदा आपलाच, १९५१ चा मुंबई पोलीस कायदा. (गुजरात तोवर वेगळा झाला होता, कायदा दोन्हीकडे तोच राहिला. आज आपण त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतो.) न्यायालय म्हणालं, रस्त्यावरच्या सभेचं नियमन करा, वेळ ठरवा, जागा ठरवा, पण हक्कच बंद करता येणार नाही. कोणताही निकष न देता अधिकाऱ्याच्या मर्जीवर परवानगी सोडणारा नियम न्यायालयाने रद्द केला.

आता ३७(३). या कलमाखालचा मनाई आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. त्या मर्यादेमागचा हेतू असा की ही ताकद अपवाद म्हणून वापरली जावी. कोरडवाहूंनी लिहिलंय तसं पंधरा दिवसांचे तुकडे एकापुढे एक जोडले की अपवादाचा नियम होतो. माझ्या अनुभवात कोणी तालुक्यातून याला आव्हान देत नाही, कारण उच्च न्यायालयात जाईपर्यंत तो आदेश संपलेला असतो आणि नवा निघालेला असतो.

कलम १६८ ची नोटीस (जुनी १४९ ची) म्हणजे बंदी नव्हे. दखलपात्र गुन्हा होऊ नये म्हणून पोलिसांनी करायचा तो प्रतिबंध आहे. ती तुमच्यावरचा गुन्हा नाही, आरोपही नाही. सही करताना ‘नोटीस मिळाली, मजकूर मान्य नाही’ असं लिहून तारीख-वेळ टाकता येते. पुढच्या वेळी तसं करा.

आणि त्या मुलाच्या आईला सांगा, आईला नोटीस आली म्हणून मुलाची चारित्र्य पडताळणी अडत नाही. पडताळणी त्याची असते आणि ती गुन्ह्यांची असते.

आदेश मोडल्याचा गुन्हा दाखल झालाच, तर तो भारतीय न्याय संहितेच्या २२३ खाली होतो (जुनं १८८). त्यात न्यायालयाला दखल घ्यायची असेल तर संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार लागते. नुसत्या पोलिसांच्या दोषारोपपत्रावर चालत नाही. अशी कित्येक प्रकरणं वर्षानुवर्षं तारखा खाऊन शेवटी याच मुद्द्यावर पडतात. पण तोवर माणसाने आठ-दहा वर्षं हेलपाटे घातलेले असतात. आमच्याकडे दुष्काळात चारा मागायला बसलेल्या एका शेतकऱ्याला मी हात जोडून म्हणालो होतो, दादा, खटला आपण जिंकलो. ते म्हणाले, वकीलसाहेब, बैल तेव्हाच विकला.

---

गिरगावकर

रानजाईताई, तुमच्याबाबतीत झालं ते चूकच. पण दुसरी बाजूही कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो.

२९ ऑगस्ट २०२५ ला मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी आझाद मैदानात उपोषणाला बसले. परवानगी पाच हजार माणसांची आणि एका दिवसाची होती, पुढे रोज वाढवली गेली. आली त्याच्या कितीतरी पट माणसं. सीएसएमटीचा परिसर, महापालिकेसमोरचा चौक, डी. एन. रोड, सगळं ठप्प. मी त्या आठवड्यात वडिलांना डायलिसिसला नेत होतो. एकदा टॅक्सी सोडून त्यांना व्हीलचेअरवर ढकलत नेलं. उच्च न्यायालयाला सुटीच्या काळात सुनावणी घ्यावी लागली. २ सप्टेंबरला सरकारने हैदराबाद गॅझेटचा (निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा) शासन निर्णय काढला आणि उपोषण सुटलं.

त्या मुलांचा राग मला आला नाही. पावसात भिजत होती, खायचे हाल होते, शौचालयं बंद होती. पण शहराला काही नियम हवेत की नकोत? मुंबईत निदर्शनं आझाद मैदानात ठरावीक जागेतच, हे बंधन उगाच आलेलं नाही. माझ्या लहानपणी काळा घोड्यापर्यंत मोर्चे यायचे आणि दक्षिण मुंबई दिवसभर अडकायची.

आणि बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत सांगून ठेवलंय की सनदशीर मार्ग उपलब्ध असताना सत्याग्रह, असहकार, कायदेभंग यांना जागा नाही, तो अराजकाचा मार्ग ठरेल. हे वाक्य विसरून कसं चालेल?

---

भिल्लवाडी

गिरगावकर, महाडला बाबासाहेबांनी स्वतःच कायदा मोडला होता ना? मग १९४९ चं वाक्य एकटं कसं घेता?

---

सांजवात

भिल्लवाडी, तुमचा रोख पटतो, पण महाडला कायदा मोडला गेला नव्हता. आणि मला वाटतं हा फरक या धाग्यासाठी फार महत्त्वाचा आहे.

१९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने त्याला धरून चवदार तळं खुलं केलं. कागदावर हक्क मिळाला, पण तळ्यावर जायची कोणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं चालत गेली ती कागदावरचा हक्क पायाने आणि ओंजळीने वापरायला. कायदा त्यांच्या बाजूचा होता. काठ्या दुसऱ्यांनी चालवल्या.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. लोक जमले होते, तळ्यावर जायला उतावीळ होते. बाबासाहेबांनी त्यांना समजावलं आणि तळ्यावर जाणं थांबवलं. त्याच परिषदेत, २५ डिसेंबर १९२७ ला, मनुस्मृती जाळली. मग दावा लढले. १९३७ मध्ये उच्च न्यायालयात निकाल त्यांच्या बाजूने लागला. दहा वर्षं.

म्हणजे त्यांनी न्यायालयाचा हुकूम पाळला, पण जमणं सोडलं नाही. परिषद झाली, भाषणं झाली, मिरवणूक निघाली. १९४९ च्या भाषणात त्यांनी सनदशीर मार्ग वापरा म्हटलं, आणि शांतपणे जमणं हा तर त्यांनीच घटनेत लिहिलेला सनदशीर मार्ग आहे. रानजाईताई कोणता कायदा मोडत होत्या? ग्रामसभेचा ठराव, चार निवेदनं आणि सतरंजी. याहून सनदशीर काय असतं?

गिरगावकर, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. मी भायखळ्याला राहते, ते पाच दिवस मीही पाहिले. पण मला दुसरी एक रात्र आठवते. मार्च २०१८ ची. नाशिकहून सहा तारखेला निघालेला किसान लाँग मार्च ११ तारखेला सायनच्या सोमय्या मैदानावर पोचला. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांना त्रास नको म्हणून ते लोक सकाळची वाट न बघता रात्रीच उठले आणि आझाद मैदानाकडे चालू लागले. सुरगाण्या-पेठकडची आदिवासी माणसं, पायांची कातडी सोललेली. आमच्या गल्लीतून बायका पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, जुन्या चपला घेऊन खाली उतरल्या. मी माझ्या आईच्या चपला दिल्या. ज्या आजीने त्या घेतल्या तिने आधी स्वतःचे पाय पदराने पुसले, मग घातल्या.

त्यांना कोणी ‘रात्री चाला’ अशी अट घातली नव्हती. १२ मार्चला त्यांना वनहक्काचं लेखी आश्वासन मिळालं.

---

गिरगावकर

सांजवात, ती रात्र मलाही आठवते. महाडचा तपशील मला असा माहीत नव्हता. माझं म्हणणं गर्दीच्या नियोजनाबद्दल आहे, बारा बायकांना रात्रीतून नोटिसा देण्याच्या बाजूने मी कधीच उभा राहणार नाही.

---

नेकार_काठी

मी बारा वर्षं जर्मनीत आहे. इथली पद्धत सांगतो, तुलनेला उपयोग होईल.

इथे सभेला परवानगी नसते, नोंद असते. संघराज्याचा १९५३ चा सभा-कायदा आहे, काही राज्यांनी नंतर स्वतःचे केले. उघड्यावरची सभा जाहीर करण्याच्या ४८ तास आधी प्रशासनाला कळवायचं. जबाबदार व्यक्ती कोण, मार्ग कोणता, माणसं साधारण किती. प्रशासनाला बंदी घालायची असेल तर धोका नेमका काय आहे हे त्यांनी दाखवायचं. १९८५ मध्ये ब्रोकडोर्फ अणुप्रकल्पाच्या निदर्शनांवरून घटना-न्यायालयाने ठरवलं की ऐनवेळी, उत्स्फूर्तपणे जमलेली सभा केवळ आधी नोंद केली नाही म्हणून मोडता येत नाही, आणि काहीजण दंगा करतील या भीतीने शांत लोकांची सभा बंद करता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये डिझेलच्या सवलतीवरून शेतकऱ्यांनी बर्लिनमध्ये हजारो ट्रॅक्टर आणले. लोक वैतागले, पण ‘परवानगी कोणी दिली’ हा प्रश्न मी ऑफिसात कोणाच्या तोंडून ऐकला नाही.

इथे सगळं छान आहे असं म्हणायचं नाही. गेल्या काही वर्षांत पॅलेस्टाइनच्या बाजूच्या निदर्शनांवर बर्लिनमध्ये बंदी घातली गेली, पोलिसांनी बळ वापरलं, त्यावर इथेही वाद आहेत. पण कारण द्यायची जबाबदारी कोणाची, हे कायद्यात स्पष्ट आहे. ताईंच्या नोटिशीत ती जबाबदारी उलटी झाली आहे. काय होईल ते पोलिसांनी सांगायचं नाही, काही झालं तर मात्र ताईंनी उत्तर द्यायचं.

---

तालुका_वार्ताहर

धागा तीन दिवस वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं. रानजाईताईंकडे आलेला वार्ताहर मी नाही, जिल्हा वेगळा आहे. पण तो मीही असू शकलो असतो.

आम्हाला पगार नसतो. काहींना ओळींवर किंवा फोटोवर मानधन मिळतं, पुष्कळांना तेही नाही. उत्पन्न येतं जाहिरातींच्या कमिशनमधून. दसरा, दिवाळी, वर्धापनदिन, नेत्यांचे वाढदिवस. या पुरवण्यांचं टार्गेट आम्हालाच असतं. जाहिरात देतो कोण? पतसंस्था, सोन्याचा दुकानदार, शिक्षणसंस्थाचालक, ठेकेदार आणि क्रशरवाला. बातमी मला ज्याच्याबद्दल लिहायची आहे, अर्ध्या पानाची जाहिरात मला त्याच्याकडेच मागायची आहे. वर कोणी फोन करून बातमी थांबवली असं दरवेळी नसतं. बरेचदा बातमी माझ्याच हातात थांबते. हे कबूल करायला मला सोपं जात नाही.

पत्रकारस्वातंत्र्याच्या जागतिक यादीत भारत २०२५ मध्ये १८० देशांत १५१ वा होता, आधीच्या वर्षी १५९ वा. त्यावर चॅनेलवर चर्चा होते, दिल्लीतल्या संपादकांबद्दल. तालुक्यात बसून मला विचाराल तर स्वातंत्र्य म्हणजे मोटारसायकलवरून रात्री घरी सुखरूप पोचणं.

६ फेब्रुवारी २०२३. राजापूरचे शशिकांत वारिशे. रिफायनरीच्या जमीनव्यवहारांवर ते सातत्याने लिहीत होते. ज्या माणसाबद्दलची बातमी त्या दिवशी छापून आली, त्याच्याच गाडीखाली ते महामार्गावर पेट्रोल पंपाजवळ चिरडले गेले, असा गुन्हा दाखल आहे. दुसऱ्या दिवशी ते गेले. घरी आई आणि मुलगा. आधी अपघात म्हणून चाललं होतं, राज्यभरच्या पत्रकारांनी आवाज उठवल्यावर खुनाचं कलम लागलं. त्याआधी २०११ मध्ये मुंबईत पवईला जे. डे यांना गोळ्या घातल्या, तेव्हा देशभर बातमी झाली आणि २०१८ मध्ये छोटा राजनसह आरोपींना जन्मठेप झाली. वारिशेंचं नाव कोकणाबाहेर किती जणांना आठवतं?

पत्रकार संरक्षण कायदा आपल्याकडे आहे. विधिमंडळाने तो एप्रिल २०१७ मध्ये मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती २०१९ मध्ये आली. देशात असा कायदा करणारं पहिलं राज्य म्हणून आपलं कौतुक झालं. हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. पण पत्रकार कोण, तर जो पत्रकार म्हणून नियमित किंवा करारावर नोकरीला आहे तो. माझ्याकडे नेमणुकीचं पत्र नाही. ओळखपत्र आहे, त्यावर मागच्या वर्षीची तारीख आहे. मार खाल्ला तर आधी मी पत्रकार आहे हे मलाच सिद्ध करावं लागेल.

ताई, त्या वार्ताहराला पुन्हा भेटा. रागावू नका. बातमी आली नाही याची लाज त्याला तुमच्यापेक्षा जास्त असेल.

---

कोयनाकाठ

वय ७१. डिसेंबर १९७५ मध्ये कराडला साहित्य संमेलन झालं तेव्हा मी कॉलेजात होतो, स्वयंसेवक म्हणून पाणी वाटत होतो. आणीबाणीला सहा महिने होत आले होते. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री. त्या मांडवात दुर्गाबाईंनी आणीबाणीविरोधी नेते जयप्रकाशजी नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितली. लोक उभे राहिले. मी हातातली कळशी खाली ठेवून उभा राहिलो. मागे साध्या वेशातले पोलीस होते हे आम्हाला माहीत होतं. पुढच्या वर्षी बाईंना अटक झाली.

तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल आला होता, तो आजच्या मुलांना माहीत नसतो. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला. मसानी न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९७६ मध्ये, आणीबाणी ऐन भरात असताना, न्या. मादन आणि न्या. कानिया यांनी सेन्सॉरविरुद्ध निकाल दिला. सगळ्या वृत्तपत्रांना एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे, असं त्यात आहे. बातमी छापायची तरी कुठे? निकालाची माहिती आमच्यापर्यंत तोंडोतोंडी आली. ‘साधना’ साप्ताहिकावरही तेव्हा कारवाई झाली, तेही न्यायालयात लढलं.

आमच्या वेळी एक बरं होतं, आणीबाणी आहे हे सांगून लावली होती, तारीख होती, आणि एक दिवस ती उठली. पंधरवड्याचा आदेश कधी उठतो?

---

कोल्हापुरी_मिरची

इंटरनेट बंदीबद्दल कोणीच लिहिलं नाही. जून २०२३ मध्ये आमच्याकडे बंद केलं होतं. माझं झेरॉक्सचं दुकान, सगळे पैसे क्यूआर कोडवर. पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट अशी की अफवा थांबल्या नाहीत, खऱ्या बातम्या तेवढ्या थांबल्या. माझी बहीण गल्लीपलीकडे राहते, तिकडे जाळपोळ झाली म्हणून कोणी सांगितलं. फोटो मागवून खात्री करायची सोय नव्हती. चालत गेलो, तिथे काहीच नव्हतं.

काश्मीरच्या बंदीवरून सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला अनुराधा भसीन खटल्यात सांगितलंय की असे आदेश प्रसिद्ध करायला हवेत, म्हणजे त्यांना आव्हान देता येईल. कोल्हापूरचा आदेश मी शोधला. मला फक्त व्हॉट्सअॅपवर फिरलेला फोटो मिळाला, तोही नेट आल्यावर.

---

भिल्लवाडी

जनसुरक्षा विधेयकाबद्दल काळाकोट काही सांगतील का? आमच्याकडे वनहक्काच्या बैठकीला येणारी माणसं घाबरलीत.

---

काळाकोट

थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक (संघटना बेकायदा ठरवायचा अधिकार सरकारला देणारं) जुलै २०२४ मध्ये मांडलं गेलं, संयुक्त चिकित्सा समितीकडे गेलं, तिथे बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या. १० जुलै २०२५ ला विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं, दुसऱ्या दिवशी परिषदेत. विधानसभेत विरोध नोंदवला तो माकपचे आमदार विनोद निकोले यांनी. समितीनंतर ‘व्यक्ती आणि संघटना’ हा रोख बदलून कडव्या डाव्या विचारांच्या किंवा तत्सम संघटनांपुरता केला, हा बदल चांगला झाला.

माझी भीती दोन शब्दसमूहांची आहे. एक ‘तत्सम’. दुसरा ‘बेकायदेशीर कृत्या’च्या व्याख्येतला, प्रस्थापित कायद्याच्या आणि संस्थांच्या अवज्ञेला उत्तेजन देणं किंवा तिचा प्रचार करणं. बंदूक उचलणाऱ्यासाठी यूएपीए हा केंद्राचा दहशतवादविरोधी कायदा आधीच आहे. मग अवज्ञा हा शब्द कोणासाठी? टिळकांना १९०८ मध्ये ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखांसाठी सहा वर्षं मंडालेला पाठवलं, ते ज्या कलमाखाली, त्यातही एक असाच लवचीक शब्द होता, अप्रीती. सरकारबद्दल प्रीती नसणं हा गुन्हा.

भिल्लवाडी, तुमच्या लोकांना सांगा की वनहक्काची बैठक घ्या. इतिवृत्त लिहा, हजेरीवर सह्या घ्या, ठराव ग्रामसभेच्या नावाने करा. घाबरून बैठका बंद झाल्या तर विधेयक वापरायची गरजच उरणार नाही.

---

मनमोर

मी वेगळं मत मांडते, कृपया समजून घ्या. माझा भाऊ गडचिरोलीत पोलीस दलात होता. २०१९ च्या महाराष्ट्रदिनी जांभुळखेड्याला भूसुरुंगात १५ जवान गेले, त्यांतला एक त्याचा मित्र. शहरातली माणसं कायद्याला नावं ठेवतात तेव्हा आमच्या घरात कोणीतरी उठून आत जातं. मला कडक कायदा हवा आहे. पण तो त्या सुरुंग पेरणाऱ्यांसाठी हवा आहे. खडीच्या धुळीबद्दल बसलेल्या बायकांना पोलिसांनी रात्री नोटीस वाटत फिरावं, यासाठी माझ्या भावाचा मित्र गेला नाही.

---

सांजवात

मनमोर, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

---

रानजाई

सगळ्यांचे प्रतिसाद आमच्या बचत गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवले. महाडचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. काळाकोट काका, त्या मुलाच्या आईला तुमचं पडताळणीबद्दलचं उत्तर दाखवलं. ती काही बोलली नाही, पण कागदावर उतरवून घेऊन गेली.

नवा अर्ज दिला आहे. दहा दिवस आधी. त्यात लिहिलं आहे की आम्ही बसण्याची सूचना देत आहोत, हरकत असेल तर कारणांसह लेखी कळवावी. माजलगावच्या निकालाची तारीख घातली. आवक लिपिक पोच देईना, म्हणून रजिस्टर पोस्टाने पाठवला, मग दुसऱ्या दिवशी पोचही मिळाली, शिक्क्यासह. त्या वार्ताहरालाही भेटले. तो बराच वेळ गप्प होता. म्हणाला, बातमीचं सांगत नाही, पण मी येऊन बसतो.

यावेळी सोळाजणी म्हणतायत. किती येतील ते त्या सकाळी कळेल. एक शंका आहे. ऊन फार आहे, दोन म्हाताऱ्या आहेत. कापडी मांडव घातला तर त्याची वेगळी परवानगी लागते का?

---

काळाकोट

जागा नगरपंचायतीची असेल तर मांडवाला त्यांची लागते, आणि ती नाकारणं सोपं असतं. मांडव नको. छत्र्या न्या. माईक नाही हे उत्तम, ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी असते. मागच्या वेळच्या नोटिशीची प्रत, अर्जाची पोच आणि रजिस्टरची पावती एका पिशवीत जवळ ठेवा. नोटीस पुन्हा आली तर फोटो काढून मला पाठवा, कितीही वाजले तरी.

---

कोरडवाहू

त्या चिंचेखाली कोणाला बसवू नका यावेळी. आमच्याकडून दोघी येतायत, सकाळच्या गाडीने.